सक्तीचे लाँचर आणि खेळाडूंची माहिती: नकार देण्याची सोय आहे कुठे?

अर्धविराम (धागाकर्ता)

काही वर्षांपूर्वी विकत घेतलेला एक गेम गेल्या आठवड्यात पुन्हा खेळावासा वाटला. एकट्याने खेळायचा, कथानकावर चालणारा आणि इंटरनेटशी काडीचाही संबंध नसलेला हा गेम मी त्या काळी दोनदा पूर्ण केला होता. तो उतरवून घेतला, सुरू करण्याचे बटण दाबले, आणि गेमऐवजी प्रकाशक कंपनीचा लाँचर, म्हणजे गेम उघडून देणारे वेगळे सॉफ्टवेअर, इन्स्टॉल होऊ लागला. तो बसल्यावर त्याचे अपडेट आले, अपडेटनंतर खाते उघडण्याचा अर्ज आला, अर्ज भरल्यावर ईमेलवर आलेला सहा आकडी कोड मागितला गेला, आणि एवढे सगळे सोपस्कार पार पडल्यावर अटींचा एक लांबलचक मजकूर समोर आला, ज्याच्या खाली ‘मान्य आहे’ असे एकच बटण होते. ‘मान्य नाही’ हे बटण शोधत मी मजकुराच्या तळापर्यंत दोनदा जाऊन आलो. कोपऱ्यात खिडकी बंद करण्याची फुली तेवढी होती. ती दाबली की लाँचर बंद होतो आणि त्याच्याबरोबर गेमही.

मग निमूटपणे मजकूर वाचला. संगणकाचा ओळख क्रमांक, प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाचा तपशील, आयपी पत्त्यावरून काढलेले ढोबळ ठिकाण, खेळण्याच्या वेळा, गेममधील माझ्या हालचाली, आणि ही सर्व माहिती ‘सहयोगी संस्थां’ना देण्याची मुभा, असा एकंदर ऐवज त्यात होता. या संस्था कोणत्या, हे सांगणारा दुवा उघडला तर तेवढेच लांब आणखी एक पान उघडले.

माझा आक्षेप नेमका कशावर आहे ते आधीच सांगतो, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. कंपनीने कसलीच माहिती गोळा करू नये असे माझे म्हणणे नाही, आणि लाँचर ही वस्तू मुळातच वाईट आहे असेही नाही. मात्र पैसे घेताना जी अट नव्हती ती नंतर अपडेटच्या वाटेने आत आणायची, ती न मानल्यास विकलेली वस्तूच अडवून धरायची, आणि मग बटण दाबले म्हणून त्याला ‘संमती’ म्हणायचे, हे मला पटत नाही. ज्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देताच येत नाही, तो प्रश्न विचारला असे तरी कसे म्हणायचे?

इतरांचे अनुभव काय आहेत, माझी काळजी अनाठायी आहे का, आणि यावर काही उपाय आहे का, हे जाणून घ्यायला आवडेल.

जुनी डिस्क

धागा चांगला आहे. मात्र ही रीत आजकालची नाही, म्हणून थोडा मागचा हिशेब मांडतो.

स्टीम, म्हणजे आज संगणकावरील गेम विकणारे आणि चालवणारे ऑनलाइन दुकान, आले सप्टेंबर २००३मध्ये. त्यानंतर वर्षभरात ‘काउंटर-स्ट्राइक’चे जुने सर्व्हर बंद करून खेळाडूंना स्टीमवर आणण्यात आले, आणि नोव्हेंबर २००४मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला तेव्हा दुकानातून खोके विकत घेतलेल्यांनाही स्टीमचे खाते उघडून इंटरनेटवरून गेमचे कुलूप काढून घ्यावे लागले. पहिल्या दिवसाच्या गर्दीत सर्व्हर गुदमरले आणि चकत्या हातात असूनही लोक ताटकळत बसले. त्या काळी स्टीमला जितक्या शिव्या पडल्या तितक्या आज कुठल्याच लाँचरला पडत नसतील, हे नव्या मंडळींना सांगूनही खरे वाटत नाही.

२०१०मध्ये यूबीसॉफ्ट या प्रकाशक कंपनीने ‘असॅसिन्स क्रीड २’च्या संगणकावरील आवृत्तीला इंटरनेट सतत जोडलेले असण्याची अट घातली. गेम एकट्याने खेळायचा, तरीही जोडणी तुटली की तो जागीच थांबे. मार्चमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि ज्यांनी रीतसर पैसे मोजले होते त्यांनाच खेळता येईना. ते धोरण सोडून दिल्याचे कंपनीने पुढे २०१२मध्ये सांगितले. २०११मध्ये ईए या दुसऱ्या प्रकाशकाने ‘ओरिजिन’ हे आपले लाँचर-दुकान आणले आणि ‘बॅटलफील्ड ३’साठी ते सक्तीचे केले. त्याच्या करारात संगणकावरील सॉफ्टवेअरच्या वापराविषयी माहिती घेण्याची मुभा इतक्या सैल शब्दांत होती की जर्मनीत मोठा गदारोळ झाला आणि कंपनीला शब्दरचना बदलावी लागली. २०१२चा ‘डायब्लो ३’ आणि सर्व्हरवरील गर्दीमुळे त्यात दिसणारा ‘एरर ३७’ अनेकांना आठवत असेल. २०१३च्या ‘सिमसिटी’बाबत तर ऑफलाइन खेळ शक्यच नाही असे ठासून सांगितले गेले, आणि वर्षभराने, मार्च २०१४मध्ये, अपडेट देऊन तोच गेम ऑफलाइन करण्यात आला.

हे सर्व सांगण्याचे कारण एवढेच की ‘तांत्रिकदृष्ट्या आवश्यक आहे’ असे कंपनी म्हणते तेव्हा मी आता एक वर्ष थांबून पाहतो.

निळी शाई

अर्धविराम आणि जुनी डिस्क, दोघांशीही बहुतांशी सहमत आहे. तरीही एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. स्टीम हाही लाँचरच आहे. त्यालाही खाते लागते, आपण काय आणि किती तास खेळलो याची नोंद तोही ठेवतो, आणि ते खाते गेले तर शेकडो गेम जातात. मग प्रत्येक वेळी बोटे मोडली जातात ती दुसऱ्यांच्या नावाने, आणि स्टीमला मात्र घरच्या माणसासारखे वागवले जाते, हे कसे? एप्रिल २०१८पर्यंत कोणाकडे कोणते गेम आहेत हे स्टीमच्या प्रोफाइलवर मुळातच सर्वांना दिसत असे. ते झाकून ठेवणे ही मूळ मांडणी त्यानंतर झाली. त्या उघड माहितीच्या आधारे गेमच्या विक्रीचे अंदाज बांधणारे एक प्रसिद्ध संकेतस्थळ चालत होते आणि या बदलाने त्याचा पायाच गेला. म्हणजे आपण ज्याला विश्वासू मानतो त्यानेही इतकी वर्षे आपले कपाट उघडेच ठेवले होते, आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी कुरकुर केली.

जुनी डिस्क

निळी शाई, आपला आक्षेप रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धे उत्तर असे की स्टीमने बदल्यात काहीतरी दिले. २०१५पासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, लिनक्सवर गेम चालवण्याची सोय झाली, आणि संगणकाच्या हार्डवेअरची पाहणी करण्यापूर्वी स्टीम विचारते, नको म्हटले तर निघून जाते. स्टीमच्या आत उघडणारा दुसरा लाँचर मला काय देतो, याचे उत्तर मी बरीच वर्षे शोधतो आहे.

खिळेठोक

मी गेम तयार करणाऱ्यांपैकी आहे. कुठे काम करतो ते सांगणार नाही. इथे एकच बाजू मांडली जात आहे असे वाटले, म्हणून लिहितो.

संगणकावरील गेम हा लाखो वेगवेगळ्या यंत्रांवर चालवावा लागतो. ग्राफिक्स कार्ड वेगळे, त्याचा ड्रायव्हर वेगळा, मेमरी वेगळी. गेम कोसळतो तेव्हा खेळाडू ‘चालत नाही’ एवढेच लिहितो; तो कोणत्या कार्डावर, कोणत्या ड्रायव्हरवर आणि कोणत्या दृश्यात कोसळला हे आपोआप आलेल्या अहवालातूनच कळते. एका विशिष्ट पुलावर पाऊल ठेवले की काही थोड्या लोकांचा गेम बंद पडतो, हा दोष आम्हाला अशाच नोंदींमुळे सापडला होता. आमच्या कार्यालयातील एकाही यंत्रावर तो कधी दिसला नव्हता. खेळाडू कोणत्या टप्प्यावर कंटाळून गेम सोडतात हेही कळणे आवश्यक असते, कारण पुढचा गेम त्यावरच सुधारतो. मित्र दुसऱ्या कन्सोलवर असेल आणि त्याच्याबरोबर खेळायचे असेल, तर दोघांना ओळखणारे एक सामाईक खाते लागतेच.

आता कबुलीजबाब. मी पूर्वी जिथे होतो तिथे शंभराहून अधिक प्रकारच्या घटना नोंदवल्या जात, आणि बैठकीत ज्यांवर प्रत्यक्ष चर्चा होई त्या पाच-सहा असत. बाकीच्या ‘पुढेमागे लागतील’ म्हणून घेतल्या जात. जुने दोर आणि रिकामे डबे माळ्यावर टाकावेत तशी ही माहिती साठत जाते, आणि ती काढून टाकण्याचे काम कोणाच्याच नावावर नसते. ही वृत्ती मला तेव्हाही खटकत होती.

लाँचरचे खरे कारण मात्र दोषनिवारण हे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. स्टीम विक्रीतून साधारण तीस टक्के घेते. २०१८पासून मोठ्या विक्रीच्या गेमसाठी हा वाटा पंचवीस आणि वीस टक्क्यांपर्यंत उतरतो, तर त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आलेल्या एपिक या गेम कंपनीच्या दुकानाने सुरुवातीला बारा टक्केच वाटा ठेवला. पण पैशाइतकीच बोच दुसऱ्या गोष्टीची असते. स्टीमवर गेम घेणारा ग्राहक हा स्टीमचा ग्राहक असतो. त्याचा ईमेल प्रकाशकाला मिळत नाही. म्हणून ईए २०१९मध्ये आणि यूबीसॉफ्ट २०२२मध्ये नव्या गेमसह स्टीमवर परतले, तरी आपापले लाँचर आतल्या खोलीत बरोबर घेऊन आले. बेथेस्डाने २०२२मध्ये आपला लाँचर बंद करून लोकांचे गेम स्टीमवर हलवून दिले, तसे करणारे थोडेच.

तिरकस

खिळेठोक, पुलावर पाय ठेवल्याचे कळवायला आमची ना नाही. पुलावर पोहोचण्याआधी आमचा ईमेल आणि जन्मतारीख कशाला लागते, एवढेच विचारायचे आहे.

खिळेठोक

लागत नाही. कोसळल्याचा अहवाल निनावी पाठवता येतो, आणि ‘पाठवू का?’ असे विचारूनही पाठवता येतो. विचारले की पाठवणाऱ्यांची संख्या घटते, म्हणून विचारत नाहीत. आपला टोला मान्य आहे.

पहारा

संगणक सुरक्षा हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे थोडे काटेकोर लिहितो. ‘डेटा चोरतात’ या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात आणि त्यामुळे चर्चा बिनसते.

पहिली गोष्ट म्हणजे गेम सुरू असताना बाहेर जाणारी माहिती. एप्रिल २०२५मध्ये ऑस्ट्रियातील ‘नॉयब’ या गोपनीयतेसाठी लढणाऱ्या संस्थेने यूबीसॉफ्टविरुद्ध तेथील माहिती-संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार केली. तक्रारदाराने ‘फार क्राय प्रायमल’ हा एकट्याने खेळायचा गेम स्टीमवरून घेतला होता. त्याने जोडण्यांची नोंद काढली, तेव्हा दहा मिनिटांत गेमने बाहेरच्या सर्व्हरशी दीडशे वेळा संपर्क साधल्याचे दिसले, आणि त्या सर्व्हरमध्ये गूगल, अ‍ॅमेझॉन आणि डेटाडॉग यांचा समावेश होता. गेम खरोखर विकत घेतला आहे का हे तपासण्यासाठी जोडणी लागते, या युक्तिवादाला संस्थेचे उत्तर मला फार आवडले: ती खातरजमा स्टीमने आधीच केलेली असते. धागाकर्त्यांचा प्रश्न हाच आहे, फक्त कायद्याच्या भाषेत. युरोपच्या कायद्यानुसार माहिती घेण्यास वैध आधार लागतो, आणि संमती हा आधार सांगायचा तर ती मोकळेपणाने दिलेली असावी लागते. सेवा मिळवण्यासाठी गरज नसलेल्या माहितीची संमती सेवेलाच बांधून टाकली, तर ती मोकळी होती का याबद्दल तो कायदा साशंक असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे लाँचरने संगणकावरील इतर फाइलींत डोकावणे. मार्च २०१९मध्ये खेळाडूंना आढळले की एपिकचा लाँचर स्टीमची एक फाइल वाचून तिची प्रत आपल्याकडे करून ठेवतो. त्या फाइलीत मित्रांची यादी आणि खेळण्याच्या वेळेची माहिती असते. कंपनीचे म्हणणे असे की ती प्रत संगणकावरच राहते आणि खेळाडूने मित्र आयात करण्यास होकार दिल्यावरच मित्रांचे क्रमांक, तेही रूप बदलून, पाठवले जातात. त्यावर पुरेसा विश्वास ठेवला तरी होकार मिळण्याआधीच प्रत का केली, हा प्रश्न उरतोच, आणि ही पद्धत घाईत झाली होती हे कंपनीच्या प्रमुखांनी मान्य केले. २०१८चे ‘रेड शेल’ प्रकरणही याच जातीचे. जाहिरात पाहणारा आणि गेम घेणारा एकच माणूस आहे का हे जुळवणारे ते साधन अनेक गेममध्ये न सांगता बसवलेले होते. खेळाडूंनी याद्या केल्या आणि निर्मात्यांनी एकेक करून ते काढून टाकले.

तिसरी गोष्ट म्हणजे फसवेगिरी रोखणारी, प्रणालीच्या गाभ्यात बसणारी साधने, जसे २०२०मध्ये ‘व्हॅलोरंट’बरोबर आलेले ‘व्हॅनगार्ड’, जे संगणक चालू होतानाच जागे होते. त्यांचे अधिकार लाँचरपेक्षा कितीतरी अधिक असतात आणि त्यांची चर्चा स्वतंत्र धाग्यात व्हावी.

भीती फुगवून सांगू नये, हेही जोडतो. २०२५मध्ये ‘बॉर्डरलँड्स २’वर एकाएकी वाईट अभिप्रायांचा पाऊस पडला, कारण मूळ कंपनी टेक-टूच्या सुधारित अटी वाचून त्या गेममध्ये हेरगिरीचे सॉफ्टवेअर बसवले आहे असा समज पसरला. त्या अटी कंपनीच्या सर्वच सेवांसाठी एकत्र लिहिलेल्या होत्या, आणि गेममध्ये असे काही नसल्याचा खुलासा निर्मात्यांनी केला. अटींत मागितलेली मुभा आणि गेम प्रत्यक्षात करतो ते काम, या दोन गोष्टी एक नव्हेत. अर्थात, गरजेपेक्षा कितीतरी अधिक मुभा मागून ठेवायची आणि लोक घाबरले की त्यांनाच अज्ञानी ठरवायचे, हेही बरे नाही.

सांजसावली

मी स्वतः गेम खेळत नाही. माझा अकरा वर्षांचा मुलगा खेळतो. त्यामुळे इथे लिहावे की नाही या विचारात होते.

त्याने एकदा माझ्यासमोर नवे खाते उघडले. जन्मतारखेच्या चौकटीत वर्षांची यादी खाली उतरू लागली, आणि त्याने बोट न थांबवता ती सरसर सरकवत १९९०च्या आसपास नेऊन सोडली. मी विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, “आई, खरे वर्ष टाकले की निम्म्या गोष्टी बंद होतात, सगळे असेच करतात.” म्हणजे खाते सक्तीचे करून कंपनीच्या हाती खोटी जन्मतारीख लागली, माझ्या मुलाला प्रौढांसाठीची मांडणी मिळाली, आणि खोटे बोलणे ही गेम सुरू करण्याची पहिली पायरी आहे हे तो शिकला. मी ते खाते बंद करायला लावले आणि दोघांनी मिळून खऱ्या तारखेने दुसरे उघडले. बंद करण्याचा मार्ग सापडायला, उघडण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला.

पहारा

सांजसावली, आपण लिहिलेत ते उत्तम झाले, कारण या विषयात सर्वांत मोठा दंड मुलांच्या माहितीवरूनच झाला आहे. डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत एपिकने एकूण ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांपैकी २७.५ कोटी हे तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या परवानगीविना घेतल्याबद्दलचा दंड होता, आणि २४.५ कोटी हे फसव्या बटणांमुळे नकळत खरेदी झालेल्यांना परत देण्यासाठी. ‘फोर्टनाइट’मध्ये अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय मुलांसाठीही आधीपासून सुरू असे, ती मुळात बंद ठेवण्याची अट त्या तडजोडीत आहे. कोणते बटण आधीपासून चालू ठेवले आहे, यावरच बहुतेक गोष्टी ठरतात, कारण सेटिंगच्या पानापर्यंत जाणारे खेळाडू थोडे.

उंबरठा

‘हेलडायव्हर्स २’चे नाव अजून कोणीच कसे काढले नाही? सक्तीचे खाते मागे घ्यायला लावल्याचे ते सर्वांत ठळक उदाहरण आहे, आणि त्यातले बारकावे उपयोगी आहेत.

गेम फेब्रुवारी २०२४मध्ये आला. संगणकावर खेळणाऱ्यांना सोनीचे पीएसएन (प्लेस्टेशन नेटवर्क) खाते जोडावे लागेल असे विक्रीच्या पानावर सुरुवातीपासून लिहिलेले होते, पण सर्व्हरवर आलेल्या ताणामुळे ती पायरी वगळण्याची मुभा देण्यात आली होती. तीन महिने लोक खात्याविना खेळले, आणि गेम उत्तम चालला. मग ३ मे रोजी सोनीने जाहीर केले की आता खाते जोडावेच लागेल. सुरक्षितता आणि गैरवर्तन करणाऱ्यांना रोखणे ही कारणे दिली गेली. अडचण अशी की पीएसएनची सेवा जगातील बहुसंख्य देशांत उपलब्धच नाही. गेम मात्र त्या देशांतही विकला गेला होता. स्टीमवर १७०हून अधिक देशांत विक्री थांबवली गेली, दोन लाखांहून अधिक नकारात्मक अभिप्राय आले, आणि तीन दिवसांत सोनीने निर्णय मागे घेतला.

माझ्या मते हा लढा माहितीच्या गोपनीयतेवर जिंकला गेला नाही. ‘पैसे घेतले आणि आता खेळता येणार नाही’ ही तक्रार इतकी सरळ होती की ज्याने अटींचा मजकूर कधी वाचला नाही त्यालाही ती कळली. सुरक्षिततेच्या कारणावर मात्र जुन्या मंडळींनी योग्य बोट ठेवले. २०११च्या एप्रिलमध्ये याच पीएसएनमधून सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती बाहेर गेली होती आणि सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद होती. नवे खाते म्हणजे आपली माहिती जिथून गळू शकते अशी आणखी एक जागा, हे त्या लोकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आणि विजयही अर्धाच होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ संगणकावर आला, तोही एकट्याने खेळायचा, तरी पीएसएन खात्याची सक्ती होतीच. जानेवारी २०२५मध्ये सोनीने त्यासह काही गेमसाठी खाते ऐच्छिक केले आणि जोडणाऱ्यांना गेममधील छोट्या भेटी देऊ केल्या. लोकांनी खाते जोडावे यासाठी त्यांना काहीतरी द्यावे, ही पद्धत मला सक्तीपेक्षा शंभर पटींनी मान्य आहे. नको असेल तर भेट नको म्हणता येते.

निळी शाई

उंबरठा यांच्या शेवटच्या वाक्यात धाग्याचे उत्तर आहे असे वाटते. माझ्या आधीच्या प्रतिसादातील स्टीमवरचा आक्षेप कायम ठेवून एक भर घालते. कॅलिफोर्नियात सप्टेंबर २०२४मध्ये एका कायद्यावर सही झाली. त्यानुसार ग्राहकाला फक्त परवाना मिळणार असेल तर ‘खरेदी’ हा शब्द वापरताना विक्रेत्याने ते स्पष्ट सांगावे लागते. कायमचा उतरवून ऑफलाइन वापरता येणाऱ्या वस्तूंना त्यातून सूट आहे. स्टीमने लगेच पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना टाकली. हक्क वाढला नाही, पण पाटी तरी खरी झाली. ३१ मार्च २०२४ रोजी यूबीसॉफ्टच्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद झाले आणि तो एकट्यानेही खेळता येईना, तेव्हा अनेकांना आपण नेमके काय विकत घेतले होते ते पहिल्यांदा कळले.

उंबरठा

उपायांविषयी धागाकर्त्यांनी विचारले होते, त्यावर थोडक्यात लिहितो. स्टीमवर गेमच्या पानावर उजव्या बाजूला ‘बाहेरचे खाते आवश्यक’ अशी चौकट असते. पैसे भरण्यापूर्वी ती पाहण्याची सवय लावून घ्यावी. ‘बाल्डर्स गेट ३’ आणि ‘सायबरपंक २०७७’ यांचे लाँचर, गेमच्या सुरू होण्याच्या पर्यायांत एक छोटी सूचना लिहिली की वगळले जातात, आणि गेम मुकाट्याने चालतो. २००८पासून सुरू असलेल्या जीओजी या ऑनलाइन दुकानात कुलूप नसलेले गेम मिळतात आणि त्यांचा स्वतःचा लाँचर वापरणे ऐच्छिक आहे. तिथेही सप्टेंबर २०२१मध्ये ‘हिटमॅन’ आला, तेव्हा त्यातील बरेच काही इंटरनेटशिवाय बंद राहते हे ग्राहकांनी दाखवून दिले आणि काही आठवड्यांतच तो विक्रीतून काढला गेला. चार-पाच दुकानांचे गेम एका यादीत आणायचे असतील तर ‘प्लेनाइट’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. मात्र ते आतले लाँचर घालवत नाही, फक्त डोळ्यांआड करते. लाँचरसाठी वेगळा ईमेल ठेवावा, संगणकाबरोबर आपोआप सुरू होण्याची त्याची सवय मोडावी, आणि आपली साठवलेली माहिती कंपनीकडे मागावी. युरोपीय कायद्यात अशा मागणीला साधारण महिन्याभरात उत्तर द्यावे लागते, आणि काही कंपन्यांनी ही सोय इतर देशांतील ग्राहकांनाही ठेवली आहे.

अर्धविराम (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पहारा यांचा प्रतिसाद वाचून काल रात्री एक साधा प्रयोग केला, त्याचा वृत्तान्त देतो.

आधी लाँचरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘वापराची माहिती पाठवा’, ‘अनुभव सुधारण्यास मदत करा’ आणि ‘भागीदारांचे प्रस्ताव’ अशी जी तीन बटणे चालू होती ती बंद केली. मग संगणकाची तार काढली आणि गेम सुरू केला. पडद्यावर ते गोल फिरणारे चक्र बराच वेळ फिरत राहिले. आता काही होत नाही असे वाटून उठणार, तोच गेम उघडला. जुन्या नोंदी जागेवर होत्या, सगळे काही चालत होते. खात्याविना, सर्व्हरविना. जुनी डिस्क यांनी वर्षभर थांबायला सांगितले होते. इथे दोन-तीन मिनिटांतच काम भागले.

खेळून झाल्यावर खिळेठोक यांच्या माळ्याची आठवण झाली, म्हणून लाँचरच्या फोल्डरमध्ये शोधाशोध केली. तिथे एक फाइल होती, तिची वेळ मी लाँचर उघडला तेव्हापासूनची होती आणि गेम चालू केला की तिचा आकार वाढत होता. साध्या लेखन-संपादकात ती उघडली. प्रत्येक ओळीत वेळ आणि एक घटना: मुख्य सूची उघडली, जुनी नोंद निवडली, खेळ थांबवला, खेळ पुन्हा सुरू केला. मध्ये मी चहा प्यायला उठलो होतो त्या अकरा मिनिटांचीही नोंद होती, ‘निष्क्रिय’ म्हणून. पुन्हा तार जोडली आणि फाइलीकडे पाहत बसलो. काही सेकंदांत ती रिकामी झाली.

जोडण्यापूर्वी तिची एक प्रत करून ठेवली होती, ती आज सकाळी सावकाश वाचली. अगदी वरच्या तीन ओळी मी सेटिंगमधील ती तीन बटणे बंद केल्याच्या आहेत, प्रत्येकीपुढे वेळ आणि ‘बंद’ असा शेरा. त्यानंतर नोंदींचा ओघ जराही कमी झालेला नाही.

साठवलेली माहिती मागणारे पत्र कंपनीला पाठवले आहे आणि त्या तीन ओळी सोबत जोडल्या आहेत. उत्तर आले की इथेच लिहीन.